माउड की बेमाउड : परत आलेल्या जहाजामागचा वाद

ऑगस्ट २०१८ मध्ये ओकच्या लाकडाचा एक काळवंडलेला सांगाडा नॉर्वेतल्या वोलेनच्या किनाऱ्याला लागला. हा सांगाडा ‘माउड’ या जहाजाचा, आणि ते याच गावात बांधलं गेलं होतं. ध्रुवीय मोहिमेसाठी त्याने नॉर्वे सोडलं १९१८ मध्ये, म्हणजे परतीला शंभर वर्षं लागली. कॅनडाहून झालेल्या या परतीवरून मधल्या काळात मोठा वाद झाला. त्याची मुळं मोहिमेपेक्षा मोहिमेनंतरच्या वर्षांत जास्त सापडतात.

दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेल्या रोआल्ड अमुंडसन या नॉर्वेजियन संशोधकाचा उत्तरेकडचा बेत राहून गेला होता. बर्फात जहाज मुद्दाम अडकवायचं आणि प्रवाहाबरोबर ध्रुवाच्या दिशेने वाहत जायचं, असा तो बेत. माउड त्यासाठीच बांधलं. सुमारे ३६ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. बुडाचा घाट अंड्यासारखा गोल, म्हणजे बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबलं तरी जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. नाव नॉर्वेच्या राणीचं. जलावतरणाच्या वेळी जहाजाच्या पुढच्या टोकावर दारूची बाटली न फोडता बर्फाचा तुकडा फोडला, ही आठवण नॉर्वेत आजही सांगतात.

बेत मात्र फसला. सायबेरियाच्या किनाऱ्याने कडाक्याचे हिवाळे काढत जहाज १९२० मध्ये अलास्कात नोमला पोहोचलं. वाटेत टपाल आणि नोंदी घेऊन जमिनीवरून निघालेले दोन खलाशी दगावले. १९२२ मध्ये दुसऱ्यांदा बर्फात शिरण्याआधी मोहिमेचा प्रमुख अमुंडसनच विमानाच्या नादाने उतरून गेला. जहाज तीन वर्षं बर्फाबरोबर वाहत राहिलं, पण ध्रुवाकडे नेणारा प्रवाह काही सापडला नाही. त्या काळात जहाजावर उरलेल्यांनी हवामानाची आणि भरती-ओहोटीची जी निरीक्षणं घेतली, ती माझ्या मते या मोहिमेची खरी कमाई आहे. ध्रुव हुकला म्हणून तिला अपयशी ठरवणं अन्यायाचं आहे.

१९२५ मध्ये नोमला परतताच कर्जापोटी जहाज जप्त झालं आणि कॅनडातल्या एका जुन्या फर-व्यापारी कंपनीने ते विकत घेतलं. कंपनीने त्याला ‘बेमाउड’ हे नाव दिलं. पुढे कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ठाण्यांना माल पुरवणं हे त्याचं काम झालं. १९२७ पासून ते उत्तर कॅनडातल्या केंब्रिज बे या वस्तीजवळ नांगरून राहिलं आणि तरंगतं कोठार, कारखाना नि बिनतारी केंद्र म्हणून वापरात आलं. आर्क्टिक किनाऱ्यावरून हवामानाचे नियमित अहवाल याच जहाजावरून जाऊ लागले. १९३० मध्ये ते जागच्या जागी बुडालं. पाणी उथळ असल्याने त्याचा काही भाग वर दिसत राहिला आणि लाकूड दुर्मिळ असलेल्या त्या भागातल्या लोकांनी त्यातलं लाकूड कामाला घेतलं. उरलेला सांगाडा थंड पाण्याने राखला.

१९९० मध्ये कंपनीने हे अवशेष वोलेन ज्या नगरपालिकेत येतं तिला एका डॉलरला विकले. बहुतेक बातम्या या डॉलरवरच थांबतात. पण मालकी मिळाली म्हणजे वस्तू देशाबाहेर नेण्याचा हक्क मिळाला, असं होत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या आणि ज्यांचा निर्माता हयात नाही अशा वस्तू ‘सांस्कृतिक मालमत्ता’ या कक्षेत येऊ शकतात. तशा वस्तूसाठी कॅनडाच्या कायद्यानुसार मालकालाही निर्यात परवाना लागतो. पहिला परवाना मिळाला, पण जहाज न हलवताच त्याची मुदत संपली. पुन्हा अर्ज केल्यावर २०११ मध्ये नकार आला : आधी पुरातत्त्वीय अभ्यास पुरा करा.

गुंता ‘सांस्कृतिक’ या शब्दातच आहे. कोणाची संस्कृती? नॉर्वेच्या बाजूने बोलणारे ‘माउड’ म्हणत. ते बांधलं नॉर्वेत आणि मोहीमही नॉर्वेचीच, हा त्यांचा आधार. केंब्रिज बेमधले विरोधक ‘बेमाउड’ म्हणत. पुरवठ्याची नि बिनतारीची वर्षं त्यांच्या किनाऱ्यावर गेली होती आणि सांगाडा तीन पिढ्या त्यांच्याच खाडीत होता. मला हा दुसरा दावा भावनेपुरता वाटत नाही. जहाजाच्या आयुष्यातलं रोजचं, उपयोगाचं काम तिथेच झालं आणि नॉर्वेकडून सांगितल्या जाणाऱ्या कथेत ते दोन ओळींत उरकलं जातं. मात्र तिथे ठेवून जतन कोण करणार, कोणत्या पैशाने, याचं ठोस उत्तर विरोधकांकडे नव्हतं. मार्च २०१२ मध्ये अपिलावर परवाना मंजूर झाला तो या पार्श्वभूमीवर. निर्णय मला योग्यच वाटतो. ‘बेमाउड’ हे नाव मात्र त्यानंतर फारच लवकर मागे पडलं.

२०१६ च्या उन्हाळ्यात हवेच्या फुग्यांनी सांगाडा वर उचलून तराफ्यावर घेतला आणि हिवाळाभर तिथेच सुकू दिला. २०१७ मध्ये एका टगने, म्हणजे ओढबोटीने, तो तराफा कॅनडाच्या उत्तरेकडून जाणाऱ्या वायव्य सागरी मार्गाने ग्रीनलंडपर्यंत ओढत नेला. दुसरा हिवाळा तिथे काढून ऑगस्ट २०१८ मध्ये तो आधी नॉर्वेतल्या बर्गनला आणि मग वोलेनला पोहोचला. १९०३ ते १९०६ दरम्यान हाच वायव्य मार्ग अमुंडसननेच सर्वांत आधी पार केला होता, याहून बऱ्याच लहान जहाजातून.