आयगनव्हॅल्यू सेम असणं वेगळं, आयगनव्हॅल्यू जपणं वेगळं

शनिवारी दादरला माझ्याकडे एमएस्सीची पोरं येतात आणि दर वर्षी त्यातलं कोणीतरी हे विचारतंच, "सर, लिनियर मॅप स्पेक्ट्रम (म्हणजे मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगनव्हॅल्यू) प्रिझर्व्ह करतो म्हणजे ती सिमिलॅरिटीच ना?" यंदा तर कुठल्याशा क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये हेच वाक्य चौकटीत टाकलेलं बघितलं, तेव्हा डोकंच सटकलं. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

सिमिलर मॅट्रिक्स तुम्हाला येतात असं धरून चालतो. ए ला डावीकडून एस आणि उजवीकडून एसचा इन्व्हर्स लावला, बेसिस, म्हणजे मोजायचे अक्ष, बदलला, आयगनव्हॅल्यू (मॅट्रिक्स काही व्हेक्टर न वळवता नुसते जितके पट करते ते आकडे) त्याच. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मना ८ पासून पुढचे नंबर दिले तसंच हे, पाट्या बदलल्या, मी दोनदा भलत्याच जिन्याने उतरलो, पण रूळ होते तिथेच होते. पुढे.

ऑपरेटर (इथे मॅट्रिक्सच) व्हेक्टर हलवतो, प्रिझर्व्हर, म्हणजे आयगनव्हॅल्यू जपणारा मॅप, अख्खे ऑपरेटरच हलवतो, म्हणजे त्याचा इनपुटही मॅट्रिक्स आणि आउटपुटही मॅट्रिक्स. एवढं कळलं की अर्धं काम झालं, यावर जास्त वेळ घालवत नाही. डिटरमिनंट जपणारे मॅप हाही वेगळा पाहुणा आहे, फ्रोबेनियसने १८९७ मध्येच त्यांचा निकाल लावलाय, तिथे डावी-उजवीकडच्या दोन मॅट्रिक्स एकमेकींच्या इन्व्हर्स असायची गरज नसते, दोघींच्या डिटरमिनंटचा गुणाकार १ आला की झालं, त्यामुळे आयगनव्हॅल्यूंचा गुणाकार तेवढा तोच राहतो, आयगनव्हॅल्यू मात्र हलू शकतात. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

आता दोन बाय दोनची एक मॅट्रिक्स घ्या, वर उजव्या कोपऱ्यात १, बाकी तिन्ही जागी शून्य. तिला ई म्हणू. तिच्या आयगनव्हॅल्यू ० आणि ०. शून्य मॅट्रिक्सच्याही ० आणि ०. पण दोघी सिमिलर नाहीत, कारण शून्याला कितीही बेसिस बदला, शून्यच राहणार. म्हणजे जोडीपुरतं बोलायचं तर सेम आयगनव्हॅल्यूवरून सिमिलॅरिटी येत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. मग पोरं म्हणतात की प्रिझर्व्हरही ई ला शून्यावर नेऊ शकेल, कुठे काय बिघडतंय? बिघडतं. ई उलटी करून खाली डाव्या कोपऱ्यात १ ठेवा, ती एफ. ई अधिक एफ च्या आयगनव्हॅल्यू १ आणि उणे १. मॅप लिनियर आहे, म्हणजे बेरीज आणि आकड्याने गुणणं पाळतो, आणि ई शून्यावर गेली, तर ई अधिक एफ जिथे जाणार तिथेच एकटी एफ पण जाणार, आणि एफच्या आयगनव्हॅल्यू तर ०, ०. मग एकाच मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू १, उणे १ पण आणि ०, ० पण? खेळ खल्लास. मॅपला दोन मॅट्रिक्सपुरतं नाही, सगळ्यांचं एकदम सांभाळायचं असतं आणि बेरीजही पाळायची असते, तिथेच तो बांधला जातो. लिनियर हा शब्द काढला तर काय वाटेल ते करा, प्रत्येक मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू डायगोनलवर ओळीने मांडून ती डायगोनल मॅट्रिक्स उत्तर म्हणून द्या, स्पेक्ट्रम जपला आणि स्ट्रक्चरचं वाटोळं. प्रश्नातला "लिनियर" शब्द गाळून उत्तर लिहिणाऱ्यांवर माझा खास राग आहे.

मार्कस आणि मॉइल्स यांनी १९५९ मध्ये दाखवलं की कॉम्प्लेक्स एन बाय एन मॅट्रिक्सवरचा लिनियर मॅप सगळ्या आयगनव्हॅल्यू, किती वेळा येतात त्यासकट, जपत असेल तर तो दोनच प्रकारचा असतो. एक, एका ठरलेल्या एसने केलेली सिमिलॅरिटी. दोन, आधी ट्रान्सपोज (रोचे कॉलम, कॉलमचे रो) आणि मग सिमिलॅरिटी.

आणि हा दुसरा प्रकार लोक खाऊन टाकतात. नुसता विसरून नाही, लॉजिक लावून खातात! "प्रत्येक मॅट्रिक्स स्वतःच्या ट्रान्सपोजला सिमिलर असते, मग दुसरा प्रकार पहिल्यातच आला की." पहिलं अर्धं वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. गोची "प्रत्येक" मध्ये आहे. प्रत्येक मॅट्रिक्सला तिचा तिचा एस मिळतो. सगळ्यांना मिळून एकच एस मिळत नाही. ई साठी रो आणि कॉलम अदलाबदल करणारा एस चालतो, तिची एफ होते, छान. आता तोच एस डाव्या वरच्या कोपऱ्यात १ असलेल्या मॅट्रिक्सला लावा, १ खाली उजवीकडे जाऊन बसतो, पण तिचा ट्रान्सपोज तर ती स्वतःच आहे. झाली ना पंचाईत? दुसरा एखादा एस शोधू म्हणाल तर शोधत बसू नका, सिमिलॅरिटी गुणाकाराचा क्रम तसाच ठेवते, ट्रान्सपोज तो उलटा करतो, ई गुणिले एफ आणि एफ गुणिले ई वेगळे आहेत, विषय संपला.

लोकलवाल्यांसाठी सांगतो. मॅट्रिक्स म्हणजे गाड्यांचा तक्ता समजा, रो म्हणजे कुठून, कॉलम म्हणजे कुठे. स्टेशनांना नवे नंबर दिले तरी दादर-कुर्ला आधी आणि कुर्ला-ठाणे नंतर, हा क्रम हलत नाही. ट्रान्सपोज म्हणजे सगळ्या डाउन गाड्या अप करणं, आता ठाणे-कुर्ला आधी पकडायची आणि कुर्ला-दादर नंतर. एखादी गाडी तेवढी उलटी दिसेल असे नंबर लावता येतीलही, पण अख्खं टाइमटेबल एकाच नंबरवारीने उलटं करून दाखवा, मी वडापाव देतो.

एन फायनाइट असेपर्यंत निदान "ए आणि तिचं उत्तर एकमेकींना सिमिलर" एवढं तरी खरं राहतं. इन्फिनिट डायमेन्शनमध्ये गेलात की तेही जातं. लिटल एल-टू वर (ज्यांच्या वर्गांची बेरीज फायनाइट येते अशा सीक्वेन्सची स्पेस) उजवा शिफ्ट घ्या, सीक्वेन्स एक घर पुढे सरकवायचा आणि पहिल्या जागी शून्य. त्याला एकही आयगनव्हॅल्यू नाही, तरी स्पेक्ट्रम म्हणजे अख्खी बंद युनिट डिस्क. (स्पेक्ट्रम म्हणजे आयगनव्हॅल्यू हे बीएस्सीपुरतं ठीक होतं, इथे ऑपरेटरमधून जो आकडा गुणिले आयडेंटिटी वजा केल्यावर इन्व्हर्स उरत नाही तो प्रत्येक आकडा स्पेक्ट्रममध्ये.) त्याचा ट्रान्सपोज डावा शिफ्ट, स्पेक्ट्रम तीच डिस्क, पण तिच्या आतला प्रत्येक बिंदू त्याची आयगनव्हॅल्यू आहे. एकाला एकही आयगनव्हॅल्यू नाही, दुसऱ्याला डिस्कभर, हे दोघे सिमिलर कसे असतील? तरीही ट्रान्सपोज घेणारा मॅप स्पेक्ट्रम अगदी चोख जपतो. जाफरियन आणि सुरूर यांचा १९८६ चा रिझल्ट बानाख स्पेसवरच्या (लांबी मोजता येणाऱ्या आणि कम्प्लीट अशा व्हेक्टर स्पेसवरच्या) ऑपरेटर्ससाठी आहे, मॅप सर्जेक्टिव्ह, म्हणजे प्रत्येक ऑपरेटर कशाचं तरी उत्तर असेल असा, धरलाय, आणि तिथेही हेच दोन प्रकार निघतात, दुसरा फक्त स्पेस रिफ्लेक्सिव्ह (दोनदा ड्युअल घेतला की मूळ स्पेसच परत मिळते अशी) असेल तर.

माझ्या टेस्टमध्ये हा प्रश्न पाच मार्कांचा असतो. ट्रान्सपोज नाही लिहिला तर दोन जातात, आणि "तो पहिल्यातच आला" असं लिहिलं तर पाचही.