नऊ फूट की अकरा? खळाळत्या नदीतल्या उघड्या कनूचं विज्ञान

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ओकोई नावाची नदी आहे. तिचा मधला टप्पा सुमारे 8 किलोमीटरचा, आणि तिथलं पाणी बरेच दिवस नदीत नसतंच. धरणाखालून ते डोंगराच्या कडेने बांधलेल्या लाकडी पाटातून वीजघराकडे जातं. 1976 मध्ये हा जुना पाट नादुरुस्त झाल्यामुळे बंद ठेवावा लागला, पाणी पुन्हा पात्रात आलं आणि आजूबाजूच्या वल्हेकऱ्यांना आपल्या दारात एक खणखणीत नदी असल्याचा शोध लागला. 1983 मध्ये पाट पुन्हा सुरू झाला. पण तोवर नदीवर हक्क सांगणारे इतके झाले होते की ठरलेल्या दिवशी पाणी पात्रात सोडायचं मान्य करावं लागलं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल. तिथेही भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की मगच तराफे उतरतात.

याच ओकोईचं नाव मिळालेली एक कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, 1990च्या दशकात डॅगर कंपनीने बाजारात आणली. लांबी सुमारे 11 फूट, वरून पूर्ण उघडी, एका माणसाने गुडघ्यांवर बसून एकपाती वल्ह्याने चालवायची. त्याआधीच्या पिढीत, 1970च्या दशकात, याच भागातल्या नद्यांवर 16 फुटी कनू चालत. टेनेसीतच बनणारी ब्लू होल कंपनीची ओसीए हे त्यातलं गाजलेलं नाव. आणि आज क्युबेकच्या एस्किफ कंपनीची लेज जेमतेम 9 फुटांची आहे. म्हणजे चाळीसेक वर्षांत नावेची लांबी जवळजवळ निम्म्यावर आली. ही नुसती फॅशन नव्हती. खळाळत्या पाण्यात लांबीचा हिशेब संथ तळ्यातल्या हिशेबापेक्षा फार वेगळा पडतो. मात्र आखूड म्हणजे चांगली, त्याहून आखूड म्हणजे आणखी चांगली, असंही काही नाही.

आधी वेगाचं पाहू. पाण्यात पुढे सरकणारी नाव स्वतःची एक लाट उभी करते. वेग वाढेल तशी ही लाट लांबते. लाटेची लांबी नावेच्या लांबीएवढी झाली की नावेचं पुढचं टोक एका उंचवट्यावर चढतं, मागचं टोक खोलगटात बसू लागतं, आणि यापुढे वेग वाढवायचा तर स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ही मर्यादा मोजायला सोपी आहे: मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला 1.25 ने गुणायचं, उत्तर येतं मीटर प्रति सेकंदात. 16 फुटी कनूला ते ताशी 10 किलोमीटरच्या आसपास येतं, 11 फुटीला सव्वाआठ, 9 फुटीला साडेसात. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, पण तिच्याजवळ पोहोचल्यावर हाताची ताकद वाढवून फारसं हाती लागत नाही. शर्यतीच्या नावा लांबलचक का असतात ते यावरून कळतं. तळ्यात आखूड कनू घेऊन उतरणारा माणूस दमतो तोही यामुळेच.

आता याच सूत्राची दुसरी बाजू, जी मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या वेगवान, खळाळत्या टप्प्यात, ज्या लाटा जागच्या जागी उभ्या दिसतात, त्या खरं तर प्रवाहाविरुद्ध चालत असतात. त्यांचा वेग आणि प्रवाहाचा वेग सारखा असल्यामुळे काठावरच्या माणसाला त्या थांबलेल्या भासतात. म्हणजे उभ्या लाटेची लांबी ठरवणारं सूत्र आणि नावेची वेगमर्यादा ठरवणारं सूत्र एकच. पाणी पुरेसं खोल असेल तर सेकंदाला 2 मीटर वेगाच्या प्रवाहात शिखर ते शिखर अंतर अडीच मीटरच्या आसपास येतं. 2.5 मीटरच्या प्रवाहात ते 4 मीटर होतं आणि 3 मीटरच्या प्रवाहात पावणेसहा. ज्यात मजा आहे आणि भीतीही आहे, अशा रॅपिडमधल्या लाटा साधारण याच पट्ट्यात असतात.

या पट्ट्यात 16 फुटी, म्हणजे 4.9 मीटरची कनू आणून ठेवा. समोरची लाटही साधारण 5 मीटरची. नावेचं मागचं टोक अजून आधीच्या शिखरावर आहे आणि पुढचं टोक पुढच्या शिखराच्या पोटात घुसतंय. वर यायला तिला सवडच मिळत नाही. नावेच्या काठावरून बदाबदा पाणी आत येतं. त्याच लाटेवर 9 फुटी कनू लाटेच्या साधारण अर्ध्या लांबीची असते. ती उतारावर उतरते, खळग्यात सपाट होते, चढावर चढते. तिला लाट भेदावी लागत नाही, लाटेच्या अंगाअंगाने जाता येतं. कयाकला हा प्रश्न इतका छळत नाही, कारण तिच्यावर छप्पर असतं आणि कमरेभोवती झालर घट्ट बसवलेली असते. उघड्या कनूत आत आलेलं पाणी आतच राहतं.

आणि आत राहिलेलं पाणी हा या खेळातला खरा शत्रू. एक लिटर म्हणजे एक किलो, हे वजन तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे हे वजन हलतं. नाव आडवी किती स्थिर, हे ठरतं पाण्याच्या पातळीवर तिची रुंदी किती आहे त्यावर, आणि तेही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी 10 टक्क्यांनी वाढवली तर हा आधार 33 टक्क्यांनी वाढतो. लांबीचा वाटा मात्र सरळ प्रमाणातला. म्हणून लांबी कापताना रचनाकार थोडी रुंदी वाढवून ते नुकसान भरून काढू शकतो. गंमत अशी की आतल्या पाण्याचा मोकळा पृष्ठभागही याच सूत्राने, त्याच रुंदीच्या घनाने, स्थिरता काढून घेतो. नाव कलली की पाणी खालच्या बाजूला धावतं आणि कलंडण्यात भर घालतं. इथे पाणी किती खोल आहे यापेक्षा ते किती रुंद पसरलंय ते महत्त्वाचं. सपाट तळाच्या नावेत दोनतीन सेंटीमीटर पाणीसुद्धा पूर्ण रुंदीभर पसरतं आणि नाव एकदम दारू प्यायल्यासारखी डुलायला लागते.

उपाय म्हणून दोन्ही टोकांना हवेच्या मोठ्या पिशव्या फुगवून दोऱ्यांच्या जाळीने जखडतात. त्या नावेला तरंगत ठेवतात एवढंच लोक सांगतात, पण त्यांचं रोजचं काम वेगळंच आहे: पाण्याला पसरायला जागाच न ठेवणं. आखूड कनूत पिशव्या भरल्यावर माणसाभोवती मीटरभराची मोकळी जागा उरते. मधोमध फोमचं खोगीर असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे. या खोगिराने पाणी डावं-उजवं असं पुरतं वेगळं केलं असतं, तर निम्म्या रुंदीच्या दोन पट्ट्यांचा मिळून त्रास चौथाईवर आला असता. प्रत्यक्षात पाणी खोगिराच्या पुढून-मागून फिरतं, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही, पण काही अंशी तरी मिळतो. बरेच जण त्यात बॅटरीवर चालणारा छोटा पंप बसवतात. हात वल्ह्यावरून न काढता पाणी उपसलं जातं, आणि लाटांच्या रांगेत हात मोकळा नसणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं.

वळण्याचा हिशेब आणखी टोकाचा आहे. नाव मध्यबिंदूभोवती फिरते तेव्हा टोकांना सर्वांत जास्त पाणी ढकलावं लागतं. टोक जितकं दूर तितका त्याचा वेग जास्त, वेगाच्या वर्गाने विरोध जास्त, शिवाय तो विरोध लांब दांड्यावर, म्हणजे तरफेसारखा, काम करतो. सगळं बेरजेला घेतलं तर, नाव तेवढीच खोल बुडते असं धरून, वळण्याला होणारा विरोध लांबीच्या चौथ्या घाताने बदलतो. 16 फुटांवरून 11 वर आलं की तो चौथाईच्याही खाली जातो. 9 वर आलं की दहावा हिस्सा उरतो. वर टोकं केळ्यासारखी उचललेली असली की तो अजून घटतो. खडकामागे जो शांत खिसा असतो, ज्याला वल्हेकरी एडी म्हणतात, त्यात झपकन शिरायला हीच चपळाई लागते. 16 फुटी नाव घेऊन लहान एडीत शिरायचं तर शेपूट प्रवाहातच राहतं आणि प्रवाह ते धरून तुम्हाला परत बाहेर ओढतो.

पण एकपाती वल्ह्याने ही चपळाई महाग पडते. वल्हं नावेच्या मध्यरेषेपासून हातभर बाजूला पडतं. उजवीकडे मारलेला प्रत्येक फटका नावेला पुढे ढकलतो आणि सोबत डावीकडे वळवतो. लांब नाव ते वळवणं फारसं मनावर घेत नाही, फटक्याच्या शेवटी वल्हं किंचित बाहेर फिरवलं की झालं. 9 फुटीत तीच सवय घेऊन बसलात तर अर्धी ताकद दिशा सावरण्यात जाते आणि वेग कधी येतच नाही.

अनुभवी माणूस आखूड कनू कशी चालवतो ते जवळून बघण्यासारखं आहे. तो नाव आधीच वल्ह्याच्या, समजा उजव्या, बाजूला थोडी कलवतो आणि उजवीकडे मोठ्या वर्तुळात सोडून देतो. वाहत्या पाण्यात तिरक्या पडलेल्या लांबट वस्तूला पाणी आणखी तिरकं करू पाहतं, हा द्रवगतिशास्त्रातला जुना आणि पक्का नियम. म्हणजे पाणी नावेला उजवीकडे वळवतंय. आता उजवीकडचा फटका तिला डावीकडे वळवतो. दोन्ही एकमेकांना काटतात. फटके छोटे, पुढच्या बाजूला, वल्हं जवळपास उभं, मागे नेऊन सावरणं नाहीच. वर्तुळ इतकं मोठं ठेवलं जातं की बघणाऱ्याला नाव सरळ चालल्यासारखी वाटते. कल थोडा कमी-जास्त केला की वर्तुळ सैल किंवा घट्ट होतं. दिशा वल्ह्याने नाही, कमरेने आणि गुडघ्याने राखली जाते.

इथेच तळाचा आकार महत्त्वाचा ठरतो. ओकोईसारख्या नावेचा तळ सपाट आणि तळ-बाजूंचा सांधा कडक, जवळजवळ कोपऱ्यासारखा. नाव कलवली की हा कोपरा पाण्यात रुततो आणि वर्तुळ रेखीव कापलं जातं. उलट मॅड रिव्हर कंपनीच्या आउटरेजसारख्या सुमारे 12 फुटी नावेत हा सांधा गोलसर आहे. ती कलताना कुठे अडत नाही, आडव्या प्रवाहाने कोपरा पकडून उलटवण्याची भीती कमी, वेगही थोडा बरा. पण वळणात ती कापत नाही, घसरत जाते. कडक सांध्याची नाव आधी भक्कम वाटते आणि एका कोनानंतर अचानक सोडून देते. गोल सांध्याची पहिल्यापासून डगमगते पण सांगून-सवरून उलटते. शिकणाऱ्याने कोणती घ्यावी यावर वल्हेकऱ्यांत कायम वाद असतात. मला विचाराल तर कडक सांध्याची, कारण ती चूक लगेच दाखवते आणि वर्तुळाचं तंत्र तिच्यात हाताला लवकर कळतं.

माणसाचं वजनही या तुलनेतून वगळता येत नाही. ढोबळ अंदाजाने 9 फुटी कनू साधारण 11 किलोंना एक सेंटीमीटर बुडते, 16 फुटी 24 किलोंना. त्यामुळे 65 किलोच्या माणसाला मोकळी, हलकी वाटलेली आखूड नाव 90 किलोच्या माणसाखाली दोन सेंटीमीटरहून जास्त खाली बसते. काठ तेवढा खाली येतो, टोकांचा उचल काही अंशी वाया जातो, आणि लाटांवर चढण्याचा फायदा कमी होतो. मग त्यात 40 लिटर पाणी शिरलं की पुन्हा साडेतीन सेंटीमीटर. वजनदार माणसाने मित्राच्या 9 फुटीत बसून ही जात वाईट असा निष्कर्ष काढू नये. त्याच्यासाठी साडेदहा-अकरा फुटांची नावच त्या मित्राच्या 9 फुटीएवढी आखूड असते.

एका बाबतीत मात्र आखूडपणाचा फायदा निर्विवाद आहे. नाव आडवी होऊन खडकाला चिकटली, आणि काठ प्रवाहाकडे कलून आत पाणी भरलं, तर 3 मीटर प्रति सेकंदाचा प्रवाह 16 फुटी नावेवर सुमारे 900 किलो वजनाइतका दाब देतो. खडक मधोमध असेल तर नाव त्याच्याभोवती अक्षरशः गुंडाळली जाते. 9 फुटीवर तो दाब 500 किलोंच्या आसपास राहतो, आणि दांडाही आखूड असल्यामुळे तिला मोडू पाहणारं बल जवळपास एक तृतीयांश होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमन या विमान कंपनीने बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कनू अशाच खडकांना चिकटून वाकत. नंतर आलेलं रॉयलेक्स, म्हणजे आत फेसाळ एबीएस प्लास्टिक आणि वर विनाइलचा थर, खडकावरून घसरायचं आणि वाकलं तरी बरंचसं मूळ आकारात यायचं. 2014 मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. एस्किफने त्याच्या जागी टी-फॉर्मेक्स नावाचं स्वतःचं थरांचं प्लास्टिक आणलं, पण सगळ्यात आखूड नावा बहुतेक साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिथिलीनच्या असतात. पॉलिथिलीन जड असतं. 16 फुटी नावेत ते वजन उचलवत नाही, 9 फुटीत चालून जातं. स्वस्त आणि दणकट प्लास्टिक वापरता येणं हीसुद्धा नावा आखडण्यामागची एक व्यवहारी बाजू आहे.

तेव्हा पहिली नाव घेताना मी लांबीच्या आधी नदी विचारेन. टप्प्याटप्प्याने रॅपिड आणि मधे लांब संथ डोह असलेल्या नदीवर 9 फुटी नाव डोहांत जीव काढते. तिथे 11-12 फुटी घ्यावी. उत्तर कॅरोलिनातल्या नांताहालासारखी सलग वाहणारी, मध्यम लाटांची आणि धरणाच्या तळातून आलेल्या गार पाण्याची नदी शिकायला आदर्श, आणि तिथे 11 फुटी कनू वेग, कोरडेपणा आणि चपळाई यांतलं काहीच फार गमावत नाही. 9 फुटी हवीच असेल, तर आधी वर्तुळातलं वल्हवणं संथ पाण्यात पक्कं करावं, डावी-उजवी दोन्ही वर्तुळं, वल्ह्याची बाजू न बदलता. आणि दुकानात नाव बघताना आत गुडघ्यांवर बसून कोणाला तरी ती बाजूने कलवायला सांगावी. खोगिराची उंची एकदोन सेंटीमीटरने बदलली तरी गुरुत्वमध्य वर-खाली होतो, आणि तीच नाव डगमगती किंवा भक्कम वाटायला तेवढं पुरतं.