भावनिक खाणे

भावनिक खाणे : पोटात भूक नसताना चिंता, राग, एकटेपणा वा कंटाळा यांच्या भरात खाणे. वजन उतरवण्यासाठी पथ्य पाळणाऱ्यांना ही सवय विशेष नडते. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. ताबा सुटून वारंवार अतोनात खाण्याच्या विकाराला मात्र अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात २०१३ मध्ये वेगळे स्थान मिळाले.

चिंता, शोक, भय वा क्रोध असताना बेताने खाल्लेले हितकर अन्नही पचत नाही, असे चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागात म्हटले आहे. तेथे रोख पचनावर आहे, जास्त खाण्यावर नाही. आजच्या संकल्पनेचे मूळ त्यात शोधणे ओढूनताणून होईल.

कारणांबाबत मतभेद आहेत. भूक आणि अस्वस्थता यांतला फरक ओळखायला बालपणी नीट न शिकल्याचा हा परिणाम, असे मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांचे मत होते. खाल्ल्याने चिंता उतरते, हा विचार कॅप्लन दांपत्याने १९५७ मध्ये मांडला. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर यांनी १९६० च्या दशकात अन्नाचे दर्शन, वास आणि घड्याळ या बाह्य खुणांवर भर दिला. हर्मन व मॅक यांच्या १९७५ च्या प्रयोगात आधी मिल्कशेक देऊन मग आइस्क्रीम चाखायला ठेवले. पथ्य न पाळणाऱ्यांनी ते कमी खाल्ले, तर एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त. ‘मोडलेच आहे, तर आता कशाला आवरा’ ही ती मनःस्थिती; ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना ती नवी नाही. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाही. तरी पथ्यकरांपुरते हेच स्पष्टीकरण अधिक जवळचे वाटते.

अचानक आलेल्या ताणात भूक बहुधा मरते. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि गोड, तेलकट पदार्थांकडे ओढ होते. जागरणानेही भूक वाढते.

इंदूरच्या मराठी घरांत सकाळचे पोहे जिलबी, शेव आणि जिरावन मसाल्यासह होतात. त्यांवर सरसकट बंदी घातली तर ती फार टिकत नाही. खरी परीक्षा रात्री. सराफांच्या दुकानांची शटरे खाली आली की तेथील सराफा बाजारात खाऊच्या गाड्या लागतात, हिवाळ्यात गराडू हा कंद तळल्याचा वास गल्लीभर असतो, आणि दिवसभर अर्धपोटी राहून कामाचा वैताग घेऊन आलेला माणूस तेथे सहज घसरतो.

म्हणून उपाय दुपारपासूनच सुरू होतात : जेवण न टाळणे, पुरेशी झोप, आवडीच्या पदार्थाला ठरलेली जागा. खाण्याच्या वहीत पदार्थासोबत वेळ आणि मनःस्थितीही टिपली, तर ताणाचे प्रसंग ओळखता येतात. ओढ लागताच थोडे थांबून फेरी मारणे वा सावकाश श्वसन काहींना उपयोगी पडते. ताबा वारंवार सुटत असल्यास बोधात्मक वर्तनोपचार (विचार व सवयी बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत) देतात.