वराहांमधील नव्या विषाणूंचा जनुकीय शोध व वर्गीकरण

डुकरांच्या शरीरातील पूर्वी अज्ञात असलेले विषाणू त्यांच्या जनुकद्रव्याच्या क्रमवाचनावरून ओळखणे आणि त्या क्रमांतील साम्यभेदांवरून त्यांचे कुल, प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज) व जनुकप्रकार (जातीखालचे उपगट) ठरवणे हा पशुवैद्यकीय विषाणुशास्त्राचा एक विभाग आहे. पूर्वी विषाणू पेशीसंवर्धनात वाढवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि रक्तद्रवाच्या चाचण्यांनी ओळखले जात. संवर्धनात न वाढणारे विषाणू त्यामुळे बहुधा निसटत.

क्रमवाचनात मृत पिल्लाच्या लसीका ग्रंथीचा छोटा तुकडा वाटून गाळतात. गाळलेल्या द्रवात डीएन-एज व आरएन-एज ही विकरे (एन्झाइमे) मिसळली की डुकराच्या फुटलेल्या पेशींतील उघडे जनुकद्रव्य पचते आणि प्रथिनांच्या कवचात सुरक्षित असलेले विषाणूचे जनुकद्रव्य बऱ्याच अंशी शिल्लक राहते. पुढे त्याच्या असंख्य प्रती काढून लहान लहान तुकडे वाचले जातात, संगणकावर ते जुळवले जातात आणि मिळालेला क्रम ज्ञात विषाणूंशी ताडून पाहिला जातो. दूरच्या नातलगांत न्यूक्लिओटाइडांचे (जनुकद्रव्याच्या मूळ घटकांचे) साम्य पुसट झालेले असते, म्हणून ही तुलना प्रथिनांच्या पातळीवर करणे अधिक भरवशाचे ठरते. सर्कोव्हायरस या सूक्ष्म विषाणूंसारख्या वर्तुळाकार जीनोमाच्या (संपूर्ण जनुकद्रव्याच्या) बाबतीत फाय-२९ हे विकर वर्तुळावर फिरत राहून प्रतींची सलग लांब साखळी तयार करते, त्यामुळे अत्यल्प नमुन्यातूनही संपूर्ण जीनोम हाती येऊ शकतो.

या विभागाचा इतिहास सर्कोव्हायरसांच्या अभ्यासात सर्वांत स्पष्ट दिसतो. १९७४ साली बर्लिनमध्ये टिशर व त्यांच्या सहकाऱ्यांना डुकराच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पीके-१५ या पेशीमालिकेत सूक्ष्म कण आढळले. त्यांचे जनुकद्रव्य एकपदरी व वर्तुळाकार डीएनए असल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा पीसीव्ही-१ (पोर्साइन सर्कोव्हायरस-१, म्हणजे डुकरांतील पहिला सर्कोव्हायरस) रोगकारक नसल्याचे सामान्यतः मानले जाते. १९९१ च्या सुमारास कॅनडाच्या पश्चिम भागात दूध तोडलेली पिल्ले खंगत जाण्याचा विकार लक्षात आला व १९९८ च्या आसपास त्याच्याशी निगडित असा, पीसीव्ही-१ शी ८० टक्क्यांहून कमी साम्य असलेला, पीसीव्ही-२ वेगळा ओळखला गेला. त्याचा जीनोम जेमतेम १,७६८ न्यूक्लिओटाइडांचा आहे.

पीसीव्ही-२ च्या उगमाविषयी एकमत नाही. पक्ष्यांतील सर्कोव्हायरसांशी असलेल्या साम्यावरून तो पक्ष्यांकडून डुकरांत आला असावा, असे काहींनी सुचवले. मात्र हे साम्य दोन्ही प्रमुख जनुकांत सारखे नसल्याने या मताला निर्णायक आधार लाभलेला नाही. उत्परिवर्तनाच्या वेगावरून केलेल्या गणितात, आज ज्ञात असलेल्या प्रकारांचा समान पूर्वज सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा निघतो. हे गणित नमुन्यांच्या निवडीनुसार सरकते, हे येथे लक्षात ठेवावे लागते. जर्मनीतील जतन केलेल्या ऊतींत १९६२ पासून हा विषाणू सापडला आहे. त्यामुळे तो १९९० च्या दशकात नव्याने अवतरला यापेक्षा तो पूर्वीपासून कळपांत वावरत होता आणि बदललेले पालन व नवे जनुकप्रकार यांमुळे त्याचा रोग उघड झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पीसीव्ही-३ बाबतही असेच घडले : अमेरिकेतील गर्भपात व त्वचा-वृक्क विकारांच्या नमुन्यांतून २०१६-१७ मध्ये त्याचे वर्णन झाले, पण स्पेनमधील जपून ठेवलेल्या १९९६ च्या रक्तद्रवातही तो आढळला. पीसीव्ही-४ चीनच्या हूनान प्रांतात २०१९ मध्ये नोंदवला गेला.

सर्कोव्हायरस प्रजातीत दोन जीनोमांमधील साम्य ८० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास स्वतंत्र जाती मानण्याचा आंतरराष्ट्रीय विषाणू-वर्गीकरण समितीचा दंडक आहे. जातीखालचे जनुकप्रकार समितीच्या कक्षेत येत नाहीत आणि वाद तेथेच अधिक आहे. पीसीव्ही-२ साठी २००८ मध्ये कवचप्रथिनाच्या जनुकातील ३.५ टक्के अंतराची मर्यादा सुचवण्यात आली. नमुने वाढत गेल्यावर ती अपुरी पडली व २०१८ मध्ये वंशवृक्षातील शाखांची दृढता, अंतर आणि किमान नमुनासंख्या यांचा एकत्र विचार करून ‘ए’ ते ‘एच’ असे आठ प्रकार मांडले गेले. दोन प्रकारांच्या जीनोमांची सरमिसळ होत असल्याने एकाच जनुकावर उभारलेला वंशवृक्ष दिशाभूल करू शकतो. संपूर्ण जीनोम वाचणे त्यासाठीच श्रेयस्कर होय. केवळ क्रमावरून ज्ञात झालेल्या विषाणूंनाही वर्गीकरणात स्थान द्यावे, या भूमिकेला २०१७ पासून व्यापक मान्यता मिळाली आहे.

क्रम सापडला म्हणजे रोगाचे कारण सापडले, असे होत नाही. स्वीडनमध्ये २००९ साली खंगलेल्या डुकरांत बोकाव्हायरस या विषाणुगटाशी मिळताजुळता क्रम मिळाला, तरी त्याची रोगकारकता त्यावरून सिद्ध झाली नाही. याउलट, पिल्लांच्या जन्मजात कंपाचे वर्णन १९२२ पासून होते. २०१५ मध्ये अमेरिकेत क्रमवाचनाने पेस्टिव्हायरस या गटातील एक अपरिचित विषाणू मिळाला आणि २०१६ मध्ये गाभण डुकरिणींवरील प्रयोगांनी कंपाशी त्याचा कारणसंबंध दाखवून दिला.

गोव्यात काणकोण तालुक्यातील आगोंद गावावरून नाव पडलेली ‘आगोंदा गोवन’ ही देशी डुकरांची नोंदणीकृत जात आहे आणि जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीविषयक मध्यवर्ती संस्था आहे. घराभोवती मोकळे हिंडणारे डुकर उकिरड्यावर, सांडपाण्यात व शेजारच्या कळपांत वावरते, त्यामुळे बंदिस्त फार्मांवरील नमुन्यांवर बेतलेले निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. जुन्या घरांतील शौचकूपाशी डुकरे पाळण्याच्या पद्धतीमुळे मानव व डुकर यांच्यातील विषाणूंच्या देवाणघेवाणीचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की पश्चिम भारतात माणसांतील हिपॅटायटिस-ई विषाणू पहिल्या जनुकप्रकाराचा, तर डुकरांतील चौथ्या प्रकाराचा आहे. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आलेल्या आफ्रिकी वराहज्वराच्या विषाणूचा दुसरा जनुकप्रकारही पी-७२ प्रथिनाच्या जनुकाच्या क्रमावरूनच ठरवण्यात आला.