पार्ट वाळूजचा, वाट उदगीरला

संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. पाठोपाठ त्या पट्ट्यात दुचाकींचे भाग, म्हणजे पार्ट, बनवणारी लहान-मोठी युनिट उभी राहिली. गाडी आपल्याच अंगणात, मराठवाड्यात, बनते म्हटल्यावर पार्टची ददात मिटेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण पुरवठादाराचा माल आधी कंपनीकडे जातो. तिथे त्याला पार्ट नंबर आणि पाकीट मिळतं, मग गोदाम, मग जिल्ह्याचा डीलर. उदगीरच्या गिऱ्हाइकापर्यंत तो या फेऱ्यानेच पोचतो.

त्याआधीच्या गाड्या तर लांबूनच यायच्या. राजदूत फरीदाबादची, येझदी म्हैसूरची, बुलेट मद्रासची. निजामाच्या राज्यापासून देगलूर-उदगीरच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी नकाशावरचं अंतर काही बदललं नाही. पण तेव्हा मॉडेल मोजकी होती आणि वर्षानुवर्षं तीच चालायची. बुश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची कडी, झिजला तर मिस्त्री लेथवर नवा मारून घ्यायचा, इंजिनचा ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा. येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी गाड्या पळत राहिल्या त्या अशा मिस्त्र्यांच्या जिवावर.

१९८५ मध्येच हीरो होंडाची सीडी १०० आली. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि मॉडेलांचा पाऊस पडला. माझ्या मते खरी गाठ इथे बसली. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलला हेडलाइट वेगळा, क्लच केबलची लांबी वेगळी. डीलरने काय काय भरून ठेवायचं? चेन सेट, ब्रेक शू, ऑइल फिल्टर खपतात. आठ वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलचा मीटर मात्र रॅकवर पडून राहतो, पैसा अडकतो. त्यात तालुक्याच्या सब-डीलरचं कंपनीशी थेट खातं सहसा नसतं. त्याची ऑर्डर मुख्य डीलरमार्फतच जाते. दसरा-पाडव्याच्या गर्दीत पार्टच्या ऑर्डरीकडे कोण बघतो, ते सांगायला नको.

मग लोकल, म्हणजे कंपनीच्या पाकिटाबाहेरचा, माल येतो. काउंटरवर पहिला प्रश्न, "नमुना आणलाय का?" मिस्त्री तेलकट फडक्यातून जुना पार्ट काढतो, दुकानदार तो नव्याशेजारी धरून दात मोजतो. "जेन्युइन की लोकल?" हा दुसरा प्रश्न. तालुक्याला नसेल तर संभाजीनगरला फोन, आणि पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोबाइल नंबर लिहून, एसटीने निघतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू झाले. बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन सेन्सरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकात, तार घालून गाडी चालू करणाऱ्या मिस्त्र्याला आता स्कॅनर लागतो. सेन्सर गेला तर तो लेथवर बनत नाही आणि लोकल बसवायची हिंमत होत नाही. गाडी ओट्यावर ताडपत्रीखाली जाते, मालक दुधाची कॅन घेऊन वडापच्या जीपमध्ये.