सिटीच्या दहा शेअरांचा एक झाला तेव्हा

शुक्रवार, ६ मे २०११. न्यूयॉर्कच्या बाजारात सिटीग्रुप या अमेरिकी बँकेचा शेअर साडेचार डॉलरच्या आसपास बंद झाला. सोमवारी बाजार उघडला तेव्हा तोच शेअर ४४-४५ डॉलरला होता. शनिवार-रविवारात बँकेने काही कमावलं नव्हतं. दहा शेअरांचा एक शेअर केला होता, एवढंच. यालाच रिव्हर्स स्प्लिट म्हणतात. ज्याच्याकडे हजार शेअर होते त्याच्याकडे शंभर उरले. सुटे देऊन बंदा रुपया घ्यावा, तसा हा व्यवहार.

त्या वेळी बँकेचे प्रमुख होते विक्रम पंडित, मूळचे नागपूरचे. २००७ च्या डिसेंबरात, घरकर्जांचं संकट दाराशी आलेलं असताना त्यांनी सूत्रं घेतली. २००६ च्या अखेरीस जो शेअर ५५ डॉलरला होता, तो मार्च २००९ मध्ये एकदा एक डॉलरच्याही खाली गेला. एरवी तिथे सलग ३० दिवस सरासरी भाव डॉलरखाली राहिला की शेअर बाजार कंपनीला नोटीस देतो, आणि पुष्कळ छोट्या कंपन्या रिव्हर्स स्प्लिट करतात त्या केवळ यादीतून नाव जाऊ नये म्हणून. त्या पडझडीत हा नियमच काही महिने बाजूला ठेवावा लागला होता.

पण २०११ मध्ये सिटीला ती भीती नव्हती. तिची अडचण होती शेअरांची संख्या. संकटाआधी सुमारे ५०० कोटी शेअर होते, ते २,९०० कोटींवर गेले होते. अमेरिकी सरकारने बँकेत ४,५०० कोटी डॉलर ओतले. त्यातल्या २,५०० कोटींच्या बदल्यात ३.२५ डॉलर भावाने सुमारे ७७० कोटी साधे शेअर सरकारला मिळाले. बाकीच्या प्रेफरन्स शेअरधारकांनाही (ज्यांचा लाभांशावर आधी हक्क असतो) असेच साधे शेअर दिले गेले. वाटेकरी वाढले, प्रत्येकाचा वाटा घटला. जुन्या भागधारकाचा खिसा कापला गेला तो इथे. दहाचे एक करण्याने त्याचं एका पैशाचंही नुकसान झालं नाही. ते दोन वर्षं आधीच होऊन गेलं होतं.

मग हा खटाटोप कशासाठी? अनेक फंडांना पाच डॉलरखालचे शेअर घेण्याची मुभा नसते, हे एक. दिवसभर काही सेंटच्या फरकावर खेळणाऱ्यांचा गलका कमी व्हावा, हे दुसरं. शिवाय बंद पडलेला लाभांश त्याच सुमारास पुन्हा सुरू झाला, तिमाहीला एक सेंट. जुन्या २,९०० कोटी शेअरांवर एक सेंट वाटायचा तर २९ कोटी डॉलर लागले असते. २९० कोटींवर २ कोटी ९० लाखांत भागलं.

बाजाराला मात्र या साजशृंगाराची भुरळ पडली नाही. युरोपातल्या कर्जसंकटाने बँकांचे शेअर झोडपले आणि वर्षअखेर सिटीचा भाव २६ डॉलरवर आला. म्हणजे जुन्या हिशेबाने अडीच.

भारतातही कंपनी कायद्याच्या कलम ६१ खाली सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने शेअरांचं एकत्रीकरण करता येतं. दर्शनी मूल्य, म्हणजे शेअरवर लिहिलेली मूळ किंमत, १ रुपयाचं १० होतं. मात्र आपल्याकडे बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक) यांचं कौतुक इतकं, की उलट्या दिशेची बातमी आली की लोक आधी शंकाच घेतात. त्यात फार चूक आहे असं मला वाटत नाही, फक्त शंकेचा रोख शेअरांची संख्या का आणि कधी वाढली इकडे हवा.

आज सिटीचा जुना आलेख उघडला तर २००६ च्या अखेरीस भाव साडेपाचशे डॉलर दिसतो. त्या भावाने तेव्हा एकही शेअर विकला गेला नव्हता. ५५ ला दहाने गुणलेलं आहे.