पेपरची ऑनलाइन चर्चा मोजायची पद्धत आली कुठून?

ठाणे, ऐरोली, खारघरकडची बॉटनी-बायोटेकची पोरं हल्ली एखाद्या पिकाच्या जीनोमचा (सगळ्या जनुकांच्या आराखड्याचा) शोधनिबंध, म्हणजे पेपर, ऑनलाइन उघडला की आधी बाजूचं त्याची चर्चा मोजणारं ते रंगीत कडं बघतात, आणि मधला आकडा मोठा दिसला की पेपर भारी असं धरूनच चालतात. म्हणून हे कडं आलं कुठून ते जरा नीट लिहितेय.

मुळात जेनेटिक्स, म्हणजे आनुवंशिकता, या विषयाची सुरुवातच दुर्लक्षातून झालीये. मेंडेलने वाटाण्यावरचं काम 1865 मध्ये ब्रनोच्या सभेत वाचून दाखवलं, 1866 ला ते छापून आलं, त्याने 40 प्रती मागवल्या, काही मोठ्या शास्त्रज्ञांना पाठवल्यासुद्धा, आणि तरी 1900 उजाडेपर्यंत त्याचं मोल जवळपास कुणाला कळलं नाही, तोवर मेंडेलला जाऊन 16 वर्षं झाली होती. मला हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

कोण कुणाचा संदर्भ देतंय हे पद्धतशीर मोजायची कल्पना युजीन गारफिल्डने 1955 मध्ये मांडली आणि 1964 पासून त्याचा सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. पुढे जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपर्सना सरासरी किती संदर्भ मिळतात ते) आला, 2005 मध्ये हर्शचा एच-इंडेक्स (एका शास्त्रज्ञाचे पेपर आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा) आला. पण सायटेशन, म्हणजे असा संदर्भ मिळणं, हळू चालतं, तुमचा पेपर वाचून दुसऱ्याने प्रयोग करायचा, लिहायचा, रिव्ह्यूतून काढायचा, यात सहज दोनेक वर्षं जातात, आणि तोपर्यंत नोकरीचा इंटरव्ह्यू, ग्रँटचा अर्ज काही थांबत नाही.

मग 2009 मध्ये पीएलओएस या जर्नल छापणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक पेपरचे व्ह्यूज, डाउनलोड्स दाखवायला घेतले, 2010 मध्ये जेसन प्रीमने 'अल्टमेट्रिक्स' हे नाव दिलं आणि 2011 मध्ये यूअन एडीने लंडनमध्ये अल्टमेट्रिक कंपनी काढली. ते कडं त्यांचंच. लाल म्हणजे बातम्या, पिवळा ब्लॉग, निळा ट्विट्स (ट्विटरचं नाव आता एक्स). बातमीला वजन जास्त, ट्विटला कमी, आणि एकाच माणसाने दहादा ट्विट केलं तरी एकदाच धरतात. पण चांगलं बोललात की वाईट, याने आकड्यात काही फरक पडत नाही.

जीएम, म्हणजे जनुकं बदललेला, मका उंदरांना घातक ठरतो असं म्हणणारा सेरालिनींचा पेपर घ्या. सप्टेंबर 2012 मध्ये आला, गाठी आलेल्या उंदरांचे फोटो जगभर फिरले, शास्त्रज्ञांनी उंदरांच्या संख्येवर आणि जातीवर टीकेची झोड उठवली, नोव्हेंबर 2013 मध्ये जर्नलने तो मागे घेतला आणि 2014 मध्ये तो दुसऱ्या जर्नलमध्ये परत छापून आला. यातल्या प्रत्येक टप्प्यावर चर्चाच झाली, आणि चर्चा म्हणून ती सगळी मोजलीच जाते. कंपनी स्वतःच सांगते की हा आकडा दर्जाचा नाही, पण कड्याकडे बघताना ते कोण लक्षात ठेवतं?

आणि आपल्याकडची जी चर्चा आहे ती तर यात येतच नाही. हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेला तुरीच्या जीनोमचा पेपर 2012 मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजीत छापून आला, 48 हजारांच्या वर जीन्सचा अंदाज त्यात दिलाय. मर आणि वांझ रोगाला टिकणारं वाण काढायला हे काम किती उपयोगी आहे ते तूर पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. आता वाशीच्या दाणा बाजारात व्यापारी तूर तळहातावर घेऊन दाणा बघतो, मराठवाड्यातला शेतकरी कुठलं वाण मरला टिकलं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, पण त्या बोलण्यात ना पेपरची लिंक ना डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक), आणि व्हॉट्सअ‍ॅपचे खासगी मेसेज बाहेरच्या कुणाला दिसतही नाहीत. म्हणजे ज्या पिकावर हा सगळा खटाटोप चाललाय त्याच्याशी रोजचा संबंध असलेला माणूस या मोजणीत शून्य, आणि इंग्रजीत ट्विट करणारा कुणीही त्यात धरलेला. पिकांच्या जेनेटिक्समध्ये ही फट मला सगळ्यात मोठी वाटते, कारण इथे पेपरचा शेवटचा गिऱ्हाईक शेतकरी असतो.

सायटेशन असो की ट्विट, अशा आकड्यांवरून माणसं तोलू नका, हे संशोधनाचं मोल कसं करावं यावरच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल सांगायला सुरुवात केली होतीच. कड्यावर क्लिक केलं की कोण काय म्हणालं त्याची यादी उघडते. आकडा सोडा, ती यादी वाचा.